डोकी मोजणाऱ्या इरावतीबाई



गटांच्या बैठकांसाठी गावोगाव फिरताना एक शब्द आमच्या कानावर सारखा पडतो, तो म्हणजे रक्त. 'त्यांच्या रक्तातच आहे ते', 'खाण तशी माती'. हप्ता थकवणाऱ्या घराबद्दल हेच बोलतात आणि दहावीला पहिल्या आलेल्या लेकराबद्दलही हेच. गटात नवी सभासद घ्यायची म्हटली की कुणीतरी हळूच विचारतं, 'ती कुणाची?' बाईचं नाव सगळ्यांना माहीत असतं. विचारायची असते जात. मग पुढं ठरतं, की तिच्या घरी बैठक घ्यायची का, आणि घेतली तर चहा प्यायचा का.

आई-बापाकडून लेकराकडे काय येतं आणि काय येत नाही, याचं एक शास्त्र आहे. त्याला आनुवंशिकतेचं शास्त्र म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रातली एक बाई ते शिकायला थेट जर्मनीला गेली, आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या साहेबाचं म्हणणं तिनं मोजमाप करून खोटं ठरवलं. तिचं नाव इरावती कर्वे. शाळेच्या पुस्तकात तुमच्यापैकी कुणी त्यांचा एखादा धडा वाचला असेल. 'युगान्त' हे महाभारतावरचं त्यांचं पुस्तक गाजलं, त्याला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यामुळं लोकांना त्या लेखिका म्हणून ठाऊक आहेत. आज आपण त्यांचं दुसरं काम बघू. ते हिशेबाचं आणि मापाचं काम आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिकडं कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. तिथल्या मोठ्या नदीचं नाव इरावती, तेच लेकीला ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत धाडलं. आता विचार करा, सात वर्षांची पोर, समुद्रापलीकडून आलेली, वसतिगृहात राहते. तिथं तिची मैत्री झाली शकुंतला परांजपे हिच्याशी. शकुंतलाचे वडील रँग्लर परांजपे हे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. त्या घरानं इरावतीला आपल्यातच घेतलं, दुसऱ्या लेकीसारखं वाढवलं. घरात पुस्तकं, वादविवाद, मोठ्यांच्या बरोबरीनं बोलायची मोकळीक. इरावतीबाई पुढं ज्या धीटपणानं वागल्या, त्याचा उगम आम्हाला तरी त्या परक्या घरात दिसतो. वाढवलं त्या घराचा गुण आला, म्हणजे रक्ताचा नाही. पण तो मुद्दा पुढं येईलच.

१९२६ साली त्या तत्त्वज्ञान घेऊन बीए झाल्या, मग मुंबईला घुर्ये सरांकडं समाजशास्त्र शिकल्या आणि १९२८ साली एमए झाल्या. लग्न झालं दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी. ते फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे. सासरा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्वतः विधवेशी लग्न केलेला, विधवांसाठी आश्रम काढलेला, १९१६ साली बायकांचं विद्यापीठ उभारलेला माणूस. अशा घरात सुनेच्या शिक्षणाला कोण आडवं येणार? पण आलं. सुनेनं जर्मनीला जाणं खुद्द महर्षींना पसंत नव्हतं. जगाच्या लेकीबाळींना शिकवणाऱ्याला घरची सून लांब जाते म्हटल्यावर अवघड वाटलं. हे वाचून आम्हाला हसूही आलं आणि बरंही वाटलं, कारण आपल्या घरातली माणसं काही जगावेगळी नाहीत. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला. तो स्वतः जर्मनीत शिकून आला होता. पैशाचं काय, तर काँग्रेसचे पुढारी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं. शिक्षणासाठी कर्ज काढलेली बाई, हे आपल्या गटांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडं कर्जाच्या अर्जात शेळी असते, शिलाई मशीन असतं, मुलीच्या शिक्षणाचा अर्ज क्वचितच येतो.

१९२८ च्या नोव्हेंबरात त्या बर्लिनला गेल्या. तिथं माणसाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करणारी एक सरकारी संस्था नुकतीच, १९२७ साली, उघडली होती.

इथं जरा थांबून हे शास्त्र काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ग्रेगोर मेंडेल नावाच्या एका पाद्र्यानं मठाच्या बागेत वर्षानुवर्षं वाटाणा लावला. उंच झाडाचा बुटक्याशी संकर केला, पिवळ्या दाण्याचा हिरव्याशी केला, आणि दाणा न् दाणा मोजला. १८६६ साली त्याचं काम छापलं गेलं. पण पस्तीस वर्षं कुणी त्याकडं बघितलं नाही, १९०० साली लोकांना त्याची किंमत कळली. त्याचं सांगणं सोपं करून असं मांडता येईल. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून येते, एक बापाकडून. काही चिठ्ठ्या जोरकस असतात, काही दबून राहतात. दबलेली चिठ्ठी दिसत नाही, पण नाहीशीही होत नाही. पुढच्या पिढीत तशाच दोन एकत्र आल्या की गुण वर येतो. म्हणून कधी कधी आई-बाप दोघांत नसलेली गोष्ट लेकरात दिसते आणि आजीची आठवण निघते.

आणखी एक. इरावतीबाई जन्मल्या त्याच साली, १९०५ ला, अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स नावाच्या बाईनं धान्यापिठात पडणारा किडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाखवून दिलं, की पिल्लू नर होणार की मादी हे नराच्या बीजावर ठरतं. माणसातही तसंच आहे. मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या चिठ्ठीवर ठरतं. पोरी झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांत हे अजून पोचायचं आहे. पिठातल्या किड्यापर्यंत पोचून एकशेवीस वर्षं झाली.

तर बर्लिनच्या संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. हा मोठा नावाजलेला शास्त्रज्ञ. १९०८ साली तो आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन गोऱ्या बापाची आणि काळ्या आईची लेकरं मोजून आला होता, आणि गोऱ्या-काळ्यांची लग्नं होऊ नयेत असं त्यानं पुस्तकात लिहिलं होतं. त्याचं म्हणणं, माणसांच्या जातीत वरची-खालची प्रत जन्मतःच ठरलेली असते. त्यानं इरावतीबाईंना विषय दिला कवटीचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी नसते, थोडा फरक असतो. फिशरची कल्पना अशी, की हा फरक गोऱ्या युरोपीय माणसात जास्त असणार आणि त्याचा संबंध तर्कबुद्धीशी असणार. म्हणजे गोरा माणूस जास्त हुशार, आणि त्याचा पुरावा त्याच्या हाडातच.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यातल्या काही आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. कुणाच्या तरी आई-बापाची, लेकराची डोकी, ना माती ना अग्नी, कपाटात ओळीनं लावलेली. हातात कंपासासारखं माप घेऊन हा बिंदू ते तो बिंदू, डावीकडं किती, उजवीकडं किती, असं महिनोन्‌महिने चाललं. हिशेब मांडला तेव्हा दिसलं ते साधं होतं. दोन बाजूंतला फरक सगळ्याच माणसांत आहे, गोऱ्यातही आणि काळ्यातही. वंशाशी त्याचा काही संबंध नाही.

ही गोष्ट ज्याच्या हाताखाली शिकायचं, ज्याच्या सहीनं पदवी मिळायची, त्यालाच लिहून द्यायची होती. परका देश, डोक्यावर कर्ज, सासऱ्याची नाराजी घेऊन आलेली पंचविशीतली बाई. फिशरला हवं ते थोडं घुमवून लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? तिनं जे मोजलं तेच लिहिलं. फिशरनं गुण कमी दिले, पण पदवी नाकारता आली नाही. १९३० साली डॉक्टर इरावती कर्वे परत आल्या.

त्यानंतर तीन वर्षांतच जर्मनीत हिटलर आला. जुलै १९३३ मध्ये कायदा झाला, की सरकारला ज्यांचा वंश वाढायला नको वाटतो त्यांना जबरदस्तीनं नसबंदी करायची. १९३५ साली ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नाला बंदी आली. पुढं साठ लाख ज्यू माणसं मारली. या सगळ्याला 'शास्त्र सांगतं' असा आधार देणाऱ्यांत फिशर आणि त्याची संस्था होती. एका विद्यार्थिनीच्या वहीनं हे थांबणार नव्हतं, ते थांबलंही नाही. पण त्या संस्थेच्या दप्तरात एक वही अशी राहिली, की जिच्यात आकडे खरे होते.

आता आपल्याकडं येऊ. आपल्या लातूरची देवणी गाय सगळ्यांना ठाऊक. तिच्यात वानेरा, बालंक्या, शेवरा असे प्रकार. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंड काळं, बालंक्या सगळा पांढरा, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके. शेजारी नांदेडला लाल कंधारी. वळू बघूनच गाय फळवायची, हे आपल्या आजीला मेंडेलचं नाव न ऐकता कळत होतं. म्हणून बायकांना वाटतं, जनावरात आहे तर माणसात का नाही? प्रश्न रास्त आहे. फरक असा, की देवणीची जात पिढ्यान्‌पिढ्या निवडून, राखून माणसानं तयार केली, आणि बघायचं काय तर रंग, बांधा, दूध, ओढायची ताकद. माणसाची हुशारी, सचोटी, कष्टाळूपणा दुधासारखा मापानं मोजता येत नाही, आणि त्यात घर, शाळा, खाणं, लोकांची वागणूक इतकं मिसळलेलं असतं, की एका गोष्टीला रक्त म्हणून बाजूला काढता येत नाही. अंगणवाडीत वजन काट्यावर जे लेकरू कमी भरतं त्याच्या घरात डाळ किती शिजते हे आधी बघतात, जात नाही. फिशरनं जे आफ्रिकेत केलं तेच आपल्या पारावर चालतं. जनावराचा हिशेब माणसाला लावायचा, आणि वरची जागा आपल्याला ठेवायची.

इरावतीबाईंनी परत आल्यावर काही वर्षं बायकांच्या विद्यापीठात रजिस्ट्रारचं काम केलं. १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या, आणि शेवटपर्यंत तिथंच राहिल्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव सांगतात. मंगळसूत्र घालत नसत, कुंकू लावत नसत, आणि लेकरं त्यांना नावानं हाक मारत. हे सगळ्यांना रुचलं असेल असं नाही. पण त्या बसून राहणाऱ्या नव्हत्या. महाराष्ट्रात, खानदेशच्या भिल्लांत, मलबारात, ओरिसात फिरून त्यांनी माणसं मोजली. उंची, डोकं, नाक, पुढं पुढं रक्तगटही.

या मापांतून काय निघालं ते ऐका. कुंभार म्हटलं की आपण एक जात धरतो. बाईंनी बघितलं तर महाराष्ट्रातच कुंभारांचे वेगवेगळे गट, कुणी मोठ्या चाकावर काम करतो, कुणी लहान चाकावर, एकमेकांत लग्नं होत नाहीत, आणि शरीराची मापंही सारखी नाहीत. नाव एक, धंदा एक, पण कूळ एक नाही. ब्राह्मणांचंही तेच. १९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे आठ पोटगट घेऊन मापं आणि रक्तगट तपासले. आठही मानानं एका पायरीवरचे, पण शरीरानं एका साच्यातले नाहीत. बाईंचं म्हणणं असं झालं, की एक जात फुटून तिच्या पोटजाती झाल्या असं नाही. वेगवेगळ्या ठिकाणची, वेगवेगळ्या कुळांची माणसं धंद्यामुळं एका नावाखाली आली. मग 'आमच्या जातीचं रक्त' म्हणताना नेमकं कुठलं रक्त म्हणायचं?

इथं आम्हाला एक खटकतं, तेही सांगून टाकतो. फिशरचा निष्कर्ष बाईंनी मोडला, पण त्याचं माप त्यांनी आयुष्यभर हातात ठेवलं. जातीजातींची डोकी मोजत राहायचं आणि मोजून सांगायचं, की यातून उच्च-नीच निघत नाही, यात मोजणाऱ्याचा बराच जन्म गेला. ज्यांची डोकी मोजली त्या खालच्या समजल्या जाणाऱ्या माणसांना जमीन, पाणी, मान का मिळत नाही, हा प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच काळात जितक्या धगीनं विचारला, तितका बाईंच्या शास्त्रात दिसत नाही. अलीकडचे अभ्यासकही त्यांच्यावर टीका करतात. तरी मापानं जात खोटी पडते हे मापाच्याच भाषेत सांगणारं कुणी लागतं, आणि ते काम त्यांनी केलं.

त्या पंढरीच्या वारीलाही गेल्या. देवावर विश्वास म्हणून नव्हे, परंपरेचा मान म्हणून. तिथं त्यांना दिसलं, की दिंडीत अभंग एक, वाट एक, चिखल एक, पण ब्राह्मण वेगळे चालतात, मराठे वेगळे, आणि भाकरीच्या पंगती निरनिराळ्या. हे त्यांना लागलं आणि त्यांनी ते लिहिलं. आपल्याकडूनही दरवर्षी दिंड्या जातात. ज्या बाया जाऊन आल्यात त्यांनी आपापलं बघितलेलं आठवून बघावं.

१९५३ साली त्यांचं नात्यांवरचं मोठं पुस्तक आलं. भारतात कुठं कुणाशी लग्न चालतं, कुणाशी चालत नाही, नात्यांना काय शब्द आहेत, याचा नकाशाच. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी गावात देतात, रक्ताच्या नात्यात लग्न म्हणजे पाप. दक्षिणेत नात्यातच देतात, मामा भाचीशीही लग्न करतो. महाराष्ट्र मधे. इथं मामाची पोरगी करतात, पण आत्याची पोरगी बहुतेक घरांत करत नाहीत. मुलीच्या बाजूनं बघितलं तर ती आत्याच्या घरात जाते. आपल्याकडं सासूला 'आत्या' म्हणतात, ते उगीच नाही. आणि आपण तर सीमेवरचे. उदगीर, निलंगा, देगलूरच्या पलीकडं कर्नाटक, तेलंगण, त्यामुळं भाची करायची चाल अलीकडच्याही काही घरांत आहे. बाईंच्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की ओळखीच्या घरात पडलेल्या मुलीला सासर तितकं परकं राहत नाही. हे खरंच आहे. हुंडाही पुष्कळदा कमी द्यावा लागतो, जमीन घरातल्या घरात राहते.

पण चिठ्ठ्यांचा हिशेब इथं उलटा पडतो, आणि तो आज आपल्याला सांगायलाच हवा. आते-मामे भावंडांत रुपयात दोन आणे चिठ्ठ्या सारख्या असतात. मामा-भाचीत चार आणे. एखाद्या आजाराची दबलेली चिठ्ठी घराण्यात असेल, तर नात्यातल्या जोडप्यात ती दोघांकडं असण्याची शक्यता वाढते. दोघांकडं असेल तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता, की लेकराला दोन्ही चिठ्ठ्या तशाच जातील आणि आजार उघडा पडेल. मेंडेलच्या वाटाण्यात चारात एक दाणा हिरवा निघाला, तोच हा हिशेब. नात्यातल्या लग्नाची बहुतेक लेकरं ठणठणीत असतात. पण ज्या घरात एक लेकरू जन्मापासून बहिरं, किंवा अशक्त होऊन सारखं रक्त चढवायला लागणारं आहे, तिथं पुढचं लग्न नात्यात ठरवण्याआधी डॉक्टरला विचारलं पाहिजे. किनवट-माहूरकडच्या बायांना सिकलसेल माहीत आहे. तिथं तर लग्न नात्यात असो की नसो, मुलगा-मुलगी दोघांची रक्ततपासणी आधी करून घ्यावी. सुईच्या टोचण्याएवढं रक्त लागतं. आशाताईंना विचारा, तपासणी कुठं होते ते त्या सांगतील. दोघंही वाहक निघाले तर त्यात मुलीचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. आजारी लेकराचं खापर आईवर फोडणं तर सरळ हिशेबालाच धरून नाही, कारण दुसरी चिठ्ठी बापाची असते.

११ ऑगस्ट १९७० ला इरावतीबाई गेल्या. वय चौसष्ट. त्यांची मोठी लेक जाई निंबकर लेखिका, धाकटी गौरी देशपांडे तीही लेखिका, मुलगा आनंद कर्वे शेतीतला शास्त्रज्ञ. जाईंचं सासर फलटणचं, तिथं निंबकरांची शेतीसंशोधनाची संस्था आहे. त्या घरातली इरावतीबाईंची नात चंदा निंबकर हिनं आजीचाच विषय घेतला, पण माणसांऐवजी मेंढ्यांवर. बंगालच्या सुंदरबनात गरोल नावाची बारकी मेंढी आहे, तिला जुळी, तिळी होतात, आणि तो गुण एकाच चिठ्ठीत असतो. आपल्या दख्खनच्या मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. फलटणला संकर करत करत ती चिठ्ठी दख्खनी मेंढीत आणली, आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी धनगरांच्या कळपात गेली. जुळ्यांना दूध पुरावं म्हणून मेंढीला खुराक जास्त लागतो, एवढं मात्र पाळणाऱ्या बायांनी ध्यानात ठेवायला लागतं.

आपल्या उस्मानाबादी शेळीत जुळ्यांचा गुण मुळातच आहे. बोकड कसा निवडायचा, एकाच कळपातला बोकड किती दिवस ठेवायचा, हे बऱ्याच गटांनी विचारलं आहे. ते पुढच्या भागात घेऊ.